खलबत्ता, आठ नॉब आणि एक पायपेडल: लाइव्ह कोडिंग सेटअपची नोंद

लाइव्ह कोडिंग म्हणजे लोकांसमोर कोड लिहीत-बदलत संगीत वाजवणं. जानेवारीपर्यंत मी टायडलसायकल्स (ताल-सुरांचे नमुने लिहायची भाषा, थोडक्यात टायडल) आणि सुपरडर्ट (त्यांचा आवाज काढणारं इंजिन) नुसतंच, इन्स्टॉल केल्या-केल्या जसं मिळतं तसं वाजवत होतो. त्यानंतर चारेक महिने त्याला काही ना काही जोडत बसलो. बरंच जोडलं, बरंच काढून टाकलं. त्याचा हा हिशेब.

सुरुवात कानापासून, कारण तिथेच आधी फटका बसला. रात्री हेडफोन लावून सराव चालला होता. गेन (आवाजाची पातळी) १.२ लिहायचं होतं, टिंब राहिलं आणि १२ झालं. सुपरडर्ट गेनला २ वर अडवतं, म्हणजे वाचायला हवं होतं. पण ते त्या आकड्याचा चौथा घात घेतं. त्यामुळे १.२ म्हणजे आवाज जवळपास दुप्पट आणि २ म्हणजे थेट सोळापट. हेडफोन भिरकावून दिला, दहा मिनिटं डाव्या कानात शिट्टी. दुसऱ्याच दिवशी सुपरकोलायडरमध्ये (सुपरडर्ट ज्यावर चालतं तो आवाजाचा प्रोग्रॅम) बॅटलिब हे क्वार्क, म्हणजे जोड-पॅकेज, टाकलं. त्यातला स्टेजलिमिटर स्टार्टअप फाइलमध्ये एका ओळीत चालू होतो. मात्र लिमिटर फक्त शिखरं कापतो, हेडफोनचा आवाज किती ठेवायचा ते त्याला कळत नाही. तो नॉब मी आता निम्म्याच्या वर नेत नाही. सेटअपमध्ये एकच गोष्ट जोडायची असेल तर लिमिटर जोडा, बाकी सगळं नंतर.

मग आले आपले स्वतःचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले छोटे आवाज. सुपरडर्टसोबत येणारे तबल्याचे सॅम्पल चांगलेच आहेत, पण जगभर सगळे तेच वाजवतात. मी घरचा पितळी खलबत्ता रेकॉर्ड केला. (आईने तो दोन दिवस शोधला. वेलची कुटायची राहिली.) फोल्डर लोड करणं सोपं आहे, सुपरकोलायडरमध्ये त्याचा रस्ता दिला की झालं. माझा खलबत्ता मात्र कायम किंचित मागे पडायचा. बासड्रम जागेवर आणि हा त्याच्यामागून धापा टाकत. आधी लेटन्सीवर (संगणकातून आवाज उशिरा निघण्यावर) संशय घेतला, ऑडिओ इंटरफेसचा बफर कमी करून पाहिला, काही फरक नाही. शेवटी ऑडॅसिटीत फाइल उघडून झूम केली, तर ठोक्याआधी चाळीस मिलिसेकंदांची शांतता! ती कापली आणि खलबत्ता मात्रेवर आला. दुसरं, फाइलींचे क्रमांक नावाच्या क्रमाने लागतात, तेही शून्यापासून. मी नंतर ‘अडकित्ता’ नावाची फाइल टाकली आणि सगळे आकडे एकेक घर पुढे सरकले. आता प्रत्येक नावाआधी आकडा असतो आणि नवीन फाइल शेवटीच जाते.

नॉबचं प्रकरण लांबलं. आठ नॉबांचा छोटा मिडी कंट्रोलर सेकंडहॅन्ड मिळाला. (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा.) टायडलला मिडी थेट कळत नाही. सुपरकोलायडर तो ऐकतो आणि ओएससी (नेटवर्कवरून जाणारे) संदेश करून टायडलच्या ६०१० पोर्टवर पाठवतो. दहा-बारा ओळींचं काम आहे. नॉबचा आकडा शून्य ते एकमध्ये येतो. तो मी सरळ २०० ते ८००० हर्ट्झवर पसरला आणि फिल्टर (उंच सूर अडवणारा) फिरवून पाहिला, तर सगळी मजा पहिल्या पाव वळणात उरकली, उरलेल्या पाऊण वळणात नुसता चकचकाट. कानाला वारंवारता पटीत कळते, बेरजेत नाही. म्हणून साध्या रेंजऐवजी आकडा पटीने पसरवणारं रेंजएक्स वापरा, नॉब शेवटपर्यंत बोलतो. आणि नॉबला हात लावेपर्यंत टायडल कोडमध्ये लिहिलेला सुरुवातीचा आकडाच धरून बसतं. त्यामुळे पहिल्या स्पर्शाला आवाज टुणकन उडी मारतो. वाजवण्याआधी सगळे नॉब एकदा हलवून घ्यायचे, हाच उपाय.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. २००४ मध्ये हॅम्बुर्गला टॉपलॅप ही लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांची संघटना सुरू झाली, त्यांच्या जाहीरनाम्यातली मागणी होती की तुमचा स्क्रीन दाखवा. नॉब फिरवला की आवाज बदलतो आणि स्क्रीनवर अक्षरही हलत नाही. समोरच्याला कसं कळावं? मित्राने तोंडावर विचारलं, “आत्ता काय केलंस ते कुठंय?” सहा नॉब सोडून दिले. दोन ठेवले, तेही कोडमध्ये आकड्याने नाही, नावाने. एकाचं नाव ‘झाकण’, कारण फिल्टर मिटताना पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखंच ऐकू येतं. हायड्राची (कोड लिहून चित्रं हलवायचा प्रोग्रॅम) व्हिज्युअल्सही याच कारणाने गेली. दिसायला झकास, पण मागे रंग वाहत असताना कोड कोणी वाचत नाही.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते फुकटचं: माझी स्वतःची छोटी फंक्शन्स. ती बूटटायडलमध्ये, म्हणजे टायडल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये, कोंबू नका. तिथे काही बिघडलं तर ऐनवेळी मूळ सेटअपच अडतो. वेगळी फाइल करून शेवटी ती लोड करा. माझ्या फाइलमध्ये मुख्यतः ताल आहेत. टायडलचा सायकल म्हणजे आपलं आवर्तन, असं धरलं की निम्मं काम झालं. सात मात्रांचा रूपक मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत हवा, तर १४० भागिले ६० भागिले ७, म्हणजे सेकंदाला ०.३३ सायकल, तीन सेकंदांचं आवर्तन. विभाग युक्लिडने (ठोके शक्य तितक्या समान अंतरावर पसरवणारं फंक्शन) पाडतो. सातात तीन ठोके मागितले की टायडल २-२-३ देतं, ती बल्गेरियाच्या रुचेनित्सा नाचाची लय. कंसात तिसरा आकडा ४ दिला की चक्र फिरतं आणि ३-२-२ मिळतं. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीत एकटाच हसत होतो.

हे टायडलला उपरं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनांचे विस्तार व्याकरणात बसवायला त्यांच्यासोबत बर्नार्ड बेल यांनी बोल प्रोसेसर हा प्रोग्रॅम केला. टायडलच्या मिनी-नोटेशनमध्ये (नमुने लिहायच्या छोट्या लिपीत) वेगवेगळ्या लांबीच्या ओळी एकत्र चालवणारा महिरपी कंस आहे, तो बोल प्रोसेसरच्या पुढच्या आवृत्तीवरूनच आलाय.

शेवटची जोडणी पायपेडल. यूएसबीचं साधं पेडल, कीबोर्डच्या एका किल्लीसारखं वागतं. त्यावर ‘हश’ लावलं, म्हणजे हात कोडमध्ये अडकलेले असले तरी सगळं एका झटक्यात बंद. गेल्या शनिवारी मित्राच्या गच्चीवर सातआठ जणांसमोर वाजवलं. रूपक लागला, खलबत्ता जागेवर, झाकण हळूहळू उघडत होतो. आणि मला पायाने ताल धरायची सवय. उजवा पाय नेमका समेवर पेडलवर पडला. रूपकाची सम खाली (रिकामी) असते, मान्य. पण इतकी खाली? मागून एकाने “वा!” म्हटलं, त्याला ती तिहाई वाटली.

पेडल आता डाव्या पायाशी आहे, वर औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवून.