अॅल्युमिनाचं टेस्ट सर्टिफिकेट आणि यील्डचा रकाना

पंपाचे प्लंजर (आत सरकणारे दांडे), ९९.५ टक्के अॅल्युमिना म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक, सोबत टेस्ट सर्टिफिकेट पाहिजे, एवढीच ऑर्डर होती. प्लंजर वेळेत झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलो ते टेस्टिंग लॅबच्या काउंटरवर.

फॉर्म सगळा स्टीलवाल्यांसाठी बनवलेला. टेन्साइल (ताणून तोडायला लागणारा ताण), यील्ड (ज्या ताणाला कायमचं वाकायला-लांबायला लागतं तो), इलाँगेशन (तुटेपर्यंत किती लांबतं), आणि तिन्ही रकाने भरल्याशिवाय पावती निघत नाही. म्हणलं अहो हे सिरॅमिक आहे, याला यील्डच नसतो, स्टीलसारखं आधी ताणलं जाऊन मग तुटत नाही, लोड वाढत जातो आणि एकदम टणकन दोन तुकडे. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, 'मग शून्य टाका ना सर.' शून्य! म्हणजे माझा प्लंजर हात लावला की वाकणार असं मीच लिहून देऊ? सही करणारे साहेब सुट्टीवर, सोमवारी या. सोमवारी गेलो तर मीटिंग. तिसऱ्या चकरेला साहेब भेटले, टेस्टसाठी कापलेला बार हातात घेऊन बघितला आणि फॉर्मवर आडवी रेघ मारून लिहिलं, 'ब्रिटल मटेरियल, यील्ड लागू नाही, फोर पॉइंट बेंड टेस्ट करा.' म्हणजे बार खाली दोन, वर दोन टेकूंमध्ये वाकवून तोडायचा. साहेबांना दोन मिनिटं लागली. त्यासाठी माझे आठ दिवस गेले, राग अजून आहे.

तर तुम्ही जाणार असाल तर टेन्साइल मागूच नका, ग्रिपमध्येच पीस फुटतो. ३ × ४ × ४५ मिमीचे बार न्या, खालचा स्पॅन (टेकूंमधलं अंतर) ४० मिमी, वरचा २०. आणि बारच्या कडा मारून घ्या, म्हणजे धार घासून काढा, डायमंड व्हीलने, लांबीच्या दिशेनेच. माझ्या पहिल्या लॉटमध्ये कडा तशाच राहिल्या होत्या, दोन बार २२० एमपीएलाच (मेगापास्कल, ताणाचं माप) तुटले, बाकीचे ३३० च्या वर. मटेरियल तेच, पण कडेला बारीक टवका असला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून दोन-तीन बारांवर भागवू नका, मी दुसऱ्यांदा दहा दिले.

घनता ३.८८ ग्रॅम प्रति घन सेंमी आली, भोकं अजिबात नसती तर ३.९८ च्या आसपास यायला हवी, म्हणजे सिंटरिंग (भट्टीत भाजून घट्ट करणं) बरं झालंय. ती व्हर्नियरने मापून काढू देऊ नका, पाण्यात उकळून, मग पाण्यात वजन करायच्या आर्किमिडीज पद्धतीनेच करायला सांगा.

हां, एक राहिलंच, ड्रॉइंगवर हार्डनेस एचआरसीमध्ये (रॉकवेल सी, स्टीलसाठीचा स्केल) दिला असेल तर कस्टमरकडून आधीच तो विकर्स या दुसऱ्या स्केलमध्ये करून घ्या. ९९.५ चा अॅल्युमिना १५०० विकर्सच्या आसपास असतो, एचआरसीचा स्केल त्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि मग परत त्याच काउंटरवर जावं लागेल.