ऐक्याची उपासना आणि नोंदवहीतली नावं

जानेवारीत १८ ते २५ तारखांचा ख्रिस्ती ऐक्य-प्रार्थना सप्ताह आला की आमच्या वस्तीतल्या दोन ख्रिस्ती मंडळ्या एका छपराखाली बसतात. एक अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेतली, आता सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्रित चर्चमध्ये, असलेली, दुसरी मेथोडिस्ट. स्वागत, हारतुरे, दोन्ही पाळकसाहेबांचे चार शब्द रीतीप्रमाणे होतात.

इतिहासाच्या भाषणात मात्र बाहेरचे पाहुणे दरवर्षी तीच चूक करतात. "१९७० साली आपण सगळे एक झालो," असं म्हणून टाळ्या घेतात आणि मेथोडिस्टांच्या बाकांवरची माणसं गप्प बसतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून सीएनआय झाली. त्यात अँग्लिकन होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथोडिस्टही होते. आपले मेथोडिस्ट त्यांतले नव्हेत. ते १८७१ साली मुंबईत आलेल्या विल्यम टेलर या अमेरिकन मिशनऱ्याच्या कामाच्या वंशातले. त्यांची संस्था ऐक्याबाहेर राहिली आणि १९८१ साली स्वायत्त झाली. एवढं नीट सांगितलं तरच पुढचं वाक्य शोभतं, की मेथोडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली २ मार्च १७९१ ला वारले तेव्हाही अँग्लिकन धर्मगुरूच होते.

या दिवशी प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा भाकर-द्राक्षारसाचा विधी) ठेवत नाहीत, प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून घ्यायचा साधा अल्पोपहार, ठेवतात, आणि हा शहाणा निर्णय आहे. अँग्लिकनांकडे वेदीपुढे गुडघे टेकून एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेण्याची रीत, मेथोडिस्टांकडे छोट्या पेल्यांतून न आंबवलेला रस. कुठलीही एक रीत धरली तरी निम्मी मंडळी अवघडते. प्रीतिभोजनाला पाव आणि पाणी पुरतं. वेस्लींनी ही रीत मोरेव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडून घेतली. दोनशे माणसांना शंभर बनपाव आणि वीस-बावीस लिटर पाणी लागतं. पाव सकाळीच कापून ठेवले तर संध्याकाळपर्यंत कडक होतात, ओलं फडकं टाकलं तर लगदा होतो. उपासनेच्या अर्धा तास आधी कापायचे आणि कोरड्या पंच्याने झाकायचे. ताटं प्रत्येक बाकाच्या दोन्ही टोकांकडून एकदम सोडायची, नाहीतर मागच्यांपर्यंत पोचेस्तोवर गाणं संपतं. गाणं शक्यतो रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, कारण ते दोन्हीकडे पाठ आहे. पेटीचा सूर काळी एकच्या वर धरू नये. त्याहून उंच काळी तीनला वयस्कर बाया अंतऱ्यात गप्प होतात आणि मग तरुण संघच गात राहतो.

यानंतर येतं नाववाचन, आणि सगळा दिवस त्याच्यासाठीच असतो असं माझं ठाम मत आहे. दोन्ही मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांतलं शंभर वर्षांपूर्वीचं पान वाचतात, एक नाव इकडचं, एक तिकडचं. तारीख, मुलाचं नाव, आईबापांचं नाव, गाव, धंदा, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. नाव पुकारलं की त्या घरची माणसं उभी राहतात; कधी पणतू एकटाच, कधी अख्खा बाक. शेवटी १८९९-१९०० च्या दुष्काळातलं एक पान असतं. त्यावर लेकरांची नावं आहेत आणि बापाच्या रकान्यात आडवी रेघ. या नावांना घरचं असं कोणी उभं राहणार नसतं, म्हणून सगळी मंडळी उभी राहते. वाचणारा घाईत असला तर हे साधत नाही. दोन नावांमध्ये तीन-चार श्वास थांबलंच पाहिजे. नावं इंग्रजी अक्षरांत, मिशनऱ्यांच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली; खरा उच्चार आठवडाभर आधी त्या त्या घरी विचारून घ्यावा लागतो.

मूळ वही वाचायला हातात घेत नाहीत. मोबाइलवर फोटो काढून मोठ्या अक्षरांत छापून घेतात. वही टेबलावर, पुठ्ठ्यांखाली दोन्ही बाजूंना घडी केलेली चादर ठेवून, अर्धवटच उघडायची. सपाट दाबली की शिवण तुटते. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद पिवळा पडतो आणि काढताना शाईसकट कागद येतो. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा वहीला सावलीत वारा द्यायचा, उन्हात कधीही नाही.

आभारात कोणी राहायला नको. पाव कापणाऱ्या महिला संघाच्या भगिनी, पेटीवाले काका आणि तबल्यावरचा त्यांचा पुतण्या, साक्षीदारांच्या मोडीतल्या सह्या वाचून देणारे निवृत्त गुरुजी, मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या बाई, माईकवाला पोरगा, आजीआजोबांना आपल्या रिक्षातून फुकट आणणारे दोघे, नळाला पाणी नसतं तेव्हा पिंपं भरून देणारं मशिदीशेजारचं घर, जेवणानंतर पातेली घासणाऱ्या मावश्या, आणि चटया झाडून मोजून परत ठेवणारे पहारेकरी दादा.

राग एकच आहे. पाच वाजताच्या उपासनेला बाक निम्मे रिकामे आणि साडेसातच्या पंगतीला उभं राहायला जागा नाही, असं दोन्ही मंडळ्यांच्या पंचांकडूनही होतं. म्हणून यंदापासून नाववाचन पाचलाच, पहिल्या गीतानंतर घ्यायचं ठरलंय. ज्यांची घरं पुढच्या वर्षीच्या पानावर आहेत त्यांची यादी नोव्हेंबरअखेर दोन्ही देवळांच्या फलकांवर लागेल; उच्चार दुरुस्त करायचे असतील त्यांनी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत गुरुजींना सांगावं.