आमची वाटचाल : काउंटरपेक्षा नोंदवही मोठी

आजोबांनी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला हे बंदुकांचं दुकान थाटलं तेव्हा १९५९ चा शस्त्र कायदा यायचा होता. गिऱ्हाईक बहुतेक रायगड-रत्नागिरीकडचं. रानडुकरांपासून वाडी राखायला दुनळी बंदूक घेणारे बागायतदार आणि काही शिकारीचे शौकीन. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचं गिऱ्हाईक सरलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात परदेशी बंदुकांची आयातही सर्वसामान्यांसाठी बंद झाली. पुढे विकायला राहिलं ते मुख्यतः सरकारी कारखान्यांचं : १२ बोअरची दुनळी, .३१५ ची रायफल, .३२ चं रिव्हॉल्व्हर.

नुसत्या विक्रीवर आमचं दुकान टिकलंच नसतं. परवानाधारक आयुष्यात एखादं, फार तर दोन शस्त्रं घेतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तर कमाल मर्यादाच तीनवरून दोनवर आणली. दुकान चाललं ते ते सांभाळणाऱ्या आमच्या आप्पांच्या नोंदवहीमुळे आणि मागच्या खोलीतल्या कारागिरामुळे.

आप्पा सांगायचे, संध्याकाळी गल्ला मोजण्याआधी काडतुसं मोजायची. आजही आमच्याकडे तोच क्रम आहे. कोणाला किती काडतुसं दिली, त्याच्या परवान्यावर मर्यादा किती, आधीची उचल किती, हे त्याच वेळी रजिस्टरमध्ये आणि परवान्यावर चढतं. ‘नंतर लिहू’ हा शब्द दुकानात चालत नाही. पोलीस साठा तपासायला येतात तेव्हा कपाटातलं आणि कागदावरचं जुळलंच पाहिजे. परवान्याची झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो दाखवून कोणी काडतुसं मागितली, तर ओळखीतला असला तरी आम्ही देत नाही. काही जण रागावून जातात. त्यातले बरेच पुढे परत येतात, आणि येताना मुलालाही घेऊन येतात.

मुंबईची हवा बंदुकीची शत्रू आहे. दमट, खारी हवा, त्यात लोक प्रेमाने बंदूक चामड्याच्या म्यानात घालून वर्षभर कपाटात ठेवतात. चामडं ओल धरतं आणि नळीवर गंज चढतो. आमचे कारागीर काका बर्मिंगहॅमची जुनी बंदूक हातात घेतली की आधी नळीतून उजेडाकडे बघतात, मग दस्त्याचा सांधा चाचपतात आणि मगच बोलतात. सैल झालेला सांधा, थकलेली स्प्रिंग, चिरलेला अक्रोडाचा दस्ता ते दुरुस्त करतात. नळी आतून खड्डे पडून गेली असेल तर ‘ही आता उडवायची नाही’ असं मालकाला तोंडावर सांगतात. त्या एका वाक्याने दुरुस्तीचे पैसे बुडतात, पण एखाद्याचा हात वाचतो. या धंद्यात कारागिराचा शब्द मालकाच्या शब्दापेक्षा वरचा असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक काम लोकांना फारसं माहीत नसतं. परवाना संपला किंवा परवानाधारक वारला, तर शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. दादर-गिरगावातल्या जुन्या घरांमधून अशी माणसं येतात. वडिलांचे दिवस उरकलेले असतात आणि कपाटात बंदूक सापडलेली असते. मुलांना तिला हात लावायचीही भीती वाटते. आम्ही आधी बसवून चहा देतो, मग पावती करतो, वारसाला अर्ज कुठे करायचा ते समजावतो. बंदूक ठेवायची नसेल तर कायदेशीर विक्री कशी होते तेही सांगतो. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका आल्या आणि ज्यांना शस्त्र जमा करण्याचे आदेश होते त्यांचीही रीघ लागली. तेव्हा आमचे रॅक अपुरे पडले. जमा झालेली प्रत्येक बंदूक आम्ही तेल लावूनच ठेवतो. ती आमची नसते, म्हणून जास्त जपतो.

मी दुकानात आले तेव्हा काउंटरची दुसरी बाजू उभी केली, ती नेमबाजांसाठी. आपल्या अंजली भागवत यांचं नाव तेव्हा घरोघरी होतं. पुढे बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांचं सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य. त्यानंतर कितीतरी आईवडील मुलांचा हात धरून ‘ताई, चांगली रायफल दाखवा’ म्हणत आले. १० मीटरच्या एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे महागड्या रायफलपेक्षा अंगाला बसणारी रायफल कामाची. म्हणून मी वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांना आधी वर्षभर क्लबच्या रायफलवर सराव करायला सांगते. जॅकेट, ग्लोव्ह, छर्रे एवढंच घ्या म्हणते. छर्रेसुद्धा ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर असे बारीक फरकाचे येतात. कोणत्या रायफलला कोणते मानवतात ते झाडून बघितल्याशिवाय डबे भरून घेऊ नयेत. हवेच्या सिलिंडरवरची तारीख आम्ही न विचारता तपासतो, त्याचं आयुष्य १० वर्षांचं असतं.

कारागीर काकांच्या हाताखाली सध्या दोन मुलं शिकत आहेत. त्यामुळे यंदा पावसाळ्याआधीची साफसफाई आणि तेलपाणी आम्ही मेच्या सुरुवातीलाच हाती घेत आहोत. येताना मूळ परवाना आणा, बंदूक रिकामी करून आणा आणि चामड्याचं म्यान घरीच ठेवा.