भोला बेटावरचे तीन झेंडे

ढाक्याच्या सदरघाटावरून संध्याकाळी निघालेली लाँच पहाटे भोला बेटावरच्या चर फॅशन गावाजवळच्या घाटाला लागली. मेघना इथे इतकी रुंद आहे की पलीकडचा काठ दिसतच नाही. भोला हे बांगलादेशातलं सर्वांत मोठं बेट. सगळं गाळाचं, पाण्यापेक्षा जेमतेम वर आलेलं. १२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री ऐन भरतीच्या वेळी इथल्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. वादळ येतंय हे रेडिओवर सांगितलं गेलं होतं. तरीही माणसं घरातच राहिली. का राहिली, आणि आता का राहत नाहीत, हे मला इथे येऊन बघायचं होतं.

त्या वादळानंतर १९७२ साली रेड क्रॉसने किनाऱ्यावर एक कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या वर्षी बांगलादेश सरकार त्यात सामील झालं. नाव 'सायक्लोन प्रिपेअर्डनेस प्रोग्रॅम', पण सगळे 'सीपीपी'च म्हणतात. आज त्याचे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत, त्यातल्या निम्म्या बायका. पगार कुणालाच नाही. प्रत्येक तुकडीत इशारा देणारे, निवाऱ्यात नेणारे, सुटका करणारे, प्रथमोपचार करणारे आणि मदत वाटणारे असे गट असतात.

अशाच एका स्वयंसेविकेने मला गाव दाखवलं. सगळे तिला आपा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. तिने कपाटातून हाताने फिरवायचा सायरन काढला, मांडीवर घेतला आणि दांडा गरागरा फिरवला. आधी घरघर, मग कानठळ्या बसवणारा आवाज. अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. पोरं मात्र जागची हललीसुद्धा नाहीत. सराव असतो, त्यांच्या ओळखीचा आवाज आहे. झेंडे लाल. एक लागला की सावध राहायचं, दोन म्हणजे धोका वाढलाय, तीन लागले की घर सोडायचं. बंदरावरचे संकेतांचे आकडे मुळात जहाजांसाठी, गावकऱ्यांना ते कळायचे नाहीत. झेंडे लांबूनही मोजता येतात.

"तीन झेंडे लागले की आधी कुणाकडे जाता?" मी माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत विचारलं.

"ज्या घरात बाई एकटी असते तिथे."

कोण गरोदर आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचा नवरा मासेमारीला गेलाय, सगळं तिला तोंडपाठ. नवरा समुद्रावर असला की त्याला विचारल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. म्हणून आपा आणि तिच्या मैत्रिणी वादळाचा मोसम नसताना घरोघरी जाऊन पुरुषांकडूनच कबूल करून घेतात: मी नसलो तरी तिने निघायचं. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. एखाद्या संस्थेचा बाहेरून आलेला अधिकारी हे करू शकला नसता, कारण त्या ओसरीवर त्याचं कुणी ऐकून घेतलं नसतं.

२९ एप्रिल १९९१च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली. त्यात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत कसं राहायचं, हाही प्रश्न होताच. आपाने मला खांबांवर उभा असलेला निवारा दाखवला. एरवी तिथे शाळा भरते. वरच्या मजल्यावर बायकांची वेगळी खोली, वेगळी शौचालयं. मी दाराला आतून कडी आहे का ते बघितलं. होती. बाजूला मातीचं उंच, सपाट टेकाड आहे, इथे त्याला किल्ला म्हणतात. तो गुरांसाठी. गाय मागे ठेवून कोण निघेल?

२००७च्या 'सिद्र' चक्रीवादळात सुमारे ३,४०० बळी गेले. २०२०च्या 'अम्फान'आधी कोविडची भीती असतानाही बांगलादेशात वीस लाखांहून जास्त लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांतच राहिली. प्रत्येक वादळ वेगळं असतं, नुसती तुलना करून चालत नाही. पण हा फरक आपोआप पडलेला नाही.

उत्तरेकडे पुराच्या पट्ट्यात आणखी एक पद्धत रुजते आहे. जुलै २०२०मध्ये जमुनेचं (ब्रह्मपुत्रेला इथे जमुना म्हणतात) पाणी चढण्याआधीच, केवळ अंदाजावरून, जागतिक अन्न कार्यक्रमाने हजारो कुटुंबांच्या मोबाइल खात्यांवर रोख पैसे पाठवले. पूर आल्यावर सावकाराकडे हात पसरण्यापेक्षा आधीच धान्य भरून ठेवता येतं, गुरं हलवता येतात.

आपाची तक्रार मात्र साधी होती. नव्या इमारतीला देणगीदार मिळतो. जुन्या निवाऱ्याचं गळकं छप्पर, फुटलेली पाण्याची टाकी, मेगाफोनच्या बॅटऱ्या यांना कुणी मिळत नाही. बॅटऱ्या तुकडीनेच वर्गणी काढून आणल्या होत्या. शिवाय मेघना दरवर्षी काठ खातेच आहे. बंधाऱ्यावर उभं राहून तिने पाण्यातली एक जागा दाखवली. पूर्वीची शाळा तिथे होती, निवाराही तोच. नव्यासाठी त्यांनी अर्ज केलाय, आणि जागा या वेळी नदीपासून लांब मागितली आहे.