केदारकंठा: कपडे सगळ्यांकडे, पाणी कुणाच्या पोटात नाही

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक सांकरी गावातून सुरू होतो. डेहराडून ते सांकरी अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर, पण अख्खा दिवस खातं. मसुरी, पुरोला, मोरी करत आपण हाडं खिळखिळी होऊन पोचतो आणि उतरल्या उतरल्या मराठी कानावर पडतं. डिसेंबरअखेरीस सांकरीत पुणे-ठाणे-नाशिकचे घोळके असतातच. थर्मल, फ्लीस, डाउन जॅकेट, वर दोन-दोन कानटोप्या. कपड्यांच्या बाबतीत आपली मंडळी चोख. पाण्याची बाटली मात्र संध्याकाळी मुक्कामाला पोचेपर्यंत जवळपास तशीच भरलेली.

सांकरी साधारण ६,४०० फुटांवर आणि पहिला मुक्काम, जुडा का तालाब, ९,१०० फुटांच्या आसपास. चढ चांगला दमवतो. घाम येतो, पण कोरड्या हवेत लगेच उडून जातो, म्हणून जाणवत नाही. तोंडातून निघणारी वाफ हेही शरीरातलं पाणीच. त्यात थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत गोळा होतं आणि शरीराची समजूत होते की पाणी जास्त झालं. मग लघवी वाढते. तहान मात्र गप्प बसलेली. दुपारी डोकं धरलं की सगळे उंचीला दोष देतात. निम्म्या वेळा तरी मला संशय पाण्याचाच येतो.

पाणी न पिण्याचं खरं कारण अर्थात वेगळंच. रात्री दोन वाजता स्लीपिंग बॅगमधून बाहेर पडून, बूट चढवून, बर्फातून जायचं कोणी? म्हणून चार वाजल्यापासूनच घोट बंद. आमच्या गढवाली भैजींना, म्हणजे वाटाड्यांना, हे पाठ होतं. जेवणाच्या तंबूत प्रत्येकाची बाटली हलवून बघायचे आणि म्हणायचे, “उठना पड़े तो उठो, पर पियो.” उठावं लागतंच. दाबून ठेवलं की झोप जाते.

झोपायच्या बाबतीत लोक स्लीपिंग बॅगेवर खर्च करतात आणि मॅटकडे दुर्लक्ष. अंगाखाली बॅगेतलं भरण चेपलं जातं, त्यामुळे खालून जमीन ऊब ओढून घेते. एक मॅट पुरत नसेल तर रिकामी सॅक पायाखाली अंथरा. दिवसभराचे कपडे कोरडे वाटले तरी बदला, मोजे तर नक्कीच. निजण्याआधी चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे खा. पोटात काही असलं की अंग तापतं.

आणि गरम पाण्याची बाटली! साधी, एकेरी भिंतीची स्टीलची, झाकण घट्ट लावून जाड मोज्यात सरकवायची आणि स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवायची. थर्मास इथे कुचकामी, तो सगळी ऊब स्वतःकडेच ठेवतो. पहाटे तेच पाणी कोमट मिळतं, दात न कडकडता पिता येतं. बाहेर राहिलेली बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. फोन आणि बॅटरीही बॅगेतच.

तंबूची चेन वरून बोटभर उघडी ठेवायला लोक कुरकुरतात. बंद ठेवली तर श्वासाची वाफ आतल्या कापडावर गोठते आणि सकाळी तोंडावर ठिबकते. शेगडी किंवा स्टोव्ह तंबूत पेटवायचा विषयच नको; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेतून उठायची संधी तो देत नाही.

माथ्यासाठी अंधारातच निघालो. १२,५०० फुटांवर समोर स्वर्गारोहिणी, बाजूला बंदरपूंछ ही शिखरं, आणि आमच्यातले एक काका रबरी नळी चोखत उभे. पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी, नळीत बर्फ. घोट घेतल्यावर उलट फुंकून नळी रिकामी करायची असते हे त्यांना खाली सांकरीतच सांगितलं होतं. माझी बाटली मागितली. दिली, पण अर्धीच.