हिचं असं, याचं तसं

आपल्याकडे पाहुण्यांसमोर नवऱ्याची तक्रार करायची एक खास रीत आहे. नवरा शेजारच्याच खुर्चीत असतो, पण त्याच्याकडे बघायचंही नाही. "यांना काही सांगण्यात अर्थ नाही हो," हे पाहुण्यांना ऐकवायचं. मग तोही पेपरमधून डोकं न काढता पाहुण्यांनाच सांगणार, "हिच्या हातात एकदा रिमोट देऊन बघा." पाहुणे बिचारे कपबशी सांभाळत मधल्यामध्ये.

अमेरिकन गायक जॉन प्राइनचं 'इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्ज' ऐकताना तो पाहुणा मी असते. कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या संगीताच्या, वळणाचं हे १९९९ मधलं युगुलगीत, प्राइननेच लिहिलेलं, सोबत गायिका आयरिस डीमेंट. तो सांगतो, हिला कच्चट अंडं चालत नाही, पैशाला ही काडीची किंमत देत नाही. ती सांगते, हा डोक्याने बेताचाच, पण कामं उरकतो. बिअर मात्र प्राणवायू असल्यासारखी पितो. पुढे गाडी थेट बेडरूममध्ये शिरते. ते इथे लिहीत नाही, पण घरात मोठी माणसं असतील तर इअरफोन लावलेले बरे. आणि प्रत्येकाची यादी संपते ती त्याच सुरात, काही झालं तरी हिला, किंवा याला, सोडायची नाही म्हणून. 'आपण दोघं' म्हणायला ध्रुवपद उजाडावं लागतं.

मला आवडतं ते हे, की गाण्यात कुणीही सुधारत नाही. समजुतीची गाणी ऐकताना मला धास्ती असते ती शेवटच्या कडव्याची. तिथे कुणाचे तरी डोळे उघडतात, मग गळ्यात गळे. इथे तसलं काही नाही. उलट दुसऱ्या फेरीत प्राइन पुन्हा अंड्यावरच येतो. आता काय, तर हिला भुर्जीसारख्या अंड्यावर केचप लागतं! बरोबर आहे. संसारात अंड्याचा प्रश्न सुटत नसतो, त्याला नवी कलमं जोडली जातात.

प्राइन शिकागोजवळच्या मेवूडचा, आईवडील मूळचे केंटकीचे. गाण्यात नाव होण्याआधी तो पोस्टमन होता. दारोदार टपाल टाकणाऱ्याला बंद दाराआडचं बरंच ऐकू येत असणार, हा आपला माझा तर्क. हे गाणं त्याने अभिनेता-दिग्दर्शक बिली बॉब थॉर्नटनच्या 'डॅडी अँड देम' या सिनेमासाठी लिहिलं. १९९८ मध्ये त्याला मानेचा कॅन्सर झाला, त्यातून उठल्यावर याच नावाचा अल्बम आला. त्यात वेगवेगळ्या गायिकांबरोबर म्हटलेली जुनी कंट्री गाणी आहेत. त्याचं स्वतःचं एवढं एकच.

डीमेंट चौदा भावंडांतली शेंडेफळ, पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या वातावरणात वाढलेली. तिच्या आवाजात अजून रविवारची प्रार्थना आहे, आणि त्याच आवाजात ती गाण्यातल्या नवऱ्याच्या नको त्या सवयी सांगते. चेहऱ्यावरची रेष हलली नसणार, असं आपलं ऐकताना वाटतं.

कंट्रीमध्ये नवरा-बायकोच्या जोडगाण्यांची परंपरा जुनी. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या गायक जोडप्याचा घटस्फोट झाला १९७५ मध्ये, आणि दोघांचं 'गोल्डन रिंग' हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं त्याच्या पुढच्या वर्षी. तिथे सगळं मोठं: मोठं प्रेम, मोठी ताटातूट. प्राइनचं जोडपं असल्या भानगडीत पडत नाही. आपल्या नशिबाला ते फार तर दारावर फाडलेल्या तिकिटाला सोडतीत लागलेलं बक्षीस म्हणतात, तेही स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखं.

हल्ली कोवळी जोडपी गिटार घेऊन हे गाणं म्हणतात आणि व्हिडिओ टाकतात. एकमेकांच्या डोळ्यांत बघत, प्रत्येक टोमण्याला लाजत. गोड दिसतात, पण गाणं हातातून निसटतं. अरे, तिच्याकडे कशाला बघतोस? आमच्याकडे बघून सांग ना.