‘अंतऱ्यात सूर उतरतो’ म्हणजे नेमकं काय?

मंडळाची गणपतीतली स्पर्धा असो की कोल्हापुरातल्या शाहू स्मारकमधला कराओकेचा कार्यक्रम, गाणं संपलं की दोन प्रकारची दाद मिळते. खुर्च्यांतून ‘नाद खुळा!’ आणि परीक्षकांच्या टेबलावरून, तीही विचारलं तरच, ‘अंतऱ्यात सूर उतरतो जरा.’ म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात सूर हवा त्यापेक्षा किंचित खाली जातो. पहिली दाद घरी पोचेपर्यंत पुरते. दुसरीवर महिनाभर काम करता येतं, पण त्या चार शब्दांची फोड करता आली पाहिजे. हौशी गायकांचं बहुतेक वेळा इथंच अडतं. शेरा पाठ असतो, पण गाण्यातली जागा ठाऊक नसते.

परीक्षक इतकं त्रोटक का बोलतात? हिशोब करून बघा. 40 स्पर्धक, प्रत्येकी 5 मिनिटं, म्हणजे 200 मिनिटं नुसतं गाणं. मधे माईक खालीवर करणं, ट्रॅक शोधणं, नाव पुकारणं यात प्रत्येकी 2 मिनिटं धरली तरी पावणेपाच तास झाले. एवढ्यात सूर, ताल, शब्दोच्चार, भाव, सादरीकरण असे रकाने भरायचे. शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द मावतात, आणि ते चार शब्द म्हणजे दुखणं असतं, औषध नव्हे.

म्हणून निकालानंतर, चहाचे कप फिरत असताना, परीक्षकांना एकच प्रश्न विचारावा, आणि तो नेमका असावा. ‘सर, मी काय सुधारू?’ याला उत्तर ‘रियाज वाढवा’ हेच येणार, त्यांचाही इलाज नसतो. त्याऐवजी गाण्याचे शब्द कागदावर लिहून न्या, पेन पुढं करा आणि म्हणा, ‘सर, कुठल्या ओळीत उतरला, तिथं खूण कराल का?’ खूण करायला दहा सेकंद लागतात आणि ती अख्ख्या भाषणापेक्षा मोलाची. ‘माझा नंबर का नाही आला’ हा प्रश्न मात्र घरीच ठेवून यावा. त्यावर परीक्षक सावध होतात, मग गोड बोलतात, आणि गोड बोलण्याचा काडीचा उपयोग नसतो.

दुसरी सोय रेकॉर्डिंगची. फोन स्पीकरजवळ ठेवू नका. तिथं आवाज फाटतो आणि सूर ऐकूच येत नाही. चौथ्या-पाचव्या रांगेत मधोमध कुणाला तरी बसवा, फोन एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा. त्याच रात्री रेकॉर्डिंग आणि खुणेचा कागद समोर घेऊन बसा, आणि प्रत्येक शेऱ्यापुढं मिनिट-सेकंद लिहा. दोन दिवस गेले की परीक्षक काय म्हणाले हे आपल्याला सोयीचं तेवढंच आठवतं.

आता मूळ शेऱ्याकडे येऊ. ‘सूर उतरतो’ हे एकच वाक्य तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांना लागू पडतं. ओळीच्या शेवटच्या अक्षरावरच उतरत असेल तर दमसास कमी पडतोय, किंवा श्वास चुकीच्या ठिकाणी घेतलाय. फक्त वरच्या सुरांवर उतरत असेल तर पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा मानून गायलं तो सूर, चुकली. पहिला अंतरा ठीक आणि दुसऱ्यापासून सगळंच थोडं खाली, तर गळा थकला, किंवा स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मॉनिटरचा, म्हणजे गायकाकडं तोंड केलेला, स्पीकर नसेल तर माणूस नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की सूर हलतो. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. पट्टी चुकलेल्यानं प्राणायाम करत बसण्यात काय अर्थ?

पट्टीचा घोटाळा कराओकेत सर्रास होतो, कारण ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि तो तसाच लावला जातो. पट्ट्यांची नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या घरांवरून पडली आहेत. ढोबळमानानं पुरुषांचा सा काळी एक ते पांढरी दोन आणि बायकांचा काळी चार ते काळी पाच इथं बसतो, पण आपला आपण तपासावा. गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर पेटीवर शोधा. समजा गाणं काळी पाचमध्ये आहे आणि वरचा मध्यम लागतो, पण तुमचा आवाज त्या पट्टीत वरच्या शुद्ध गंधारापर्यंतच, म्हणजे एक घर अलीकडंच, सहज जातो. मग ट्रॅक एक घर खाली आणला तर कसाबसा जमेल, दोन घरं खाली, म्हणजे काळी चारला आणला तर वर थोडी जागाही उरेल. आता खालचं टोक बघा. खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, नुसती हवा निघत असेल तर ते गाणंच तुमचं नाही. तीन घरांच्या पलीकडं ट्रॅक ओढू नका, वाद्यांचा आवाज बेंगरूळ होतो.

‘कणसूर लागतो’, म्हणजे सूर कणभर चुकतो, हा शेरा आला की मंडळी फोनवर ट्यूनरचं ॲप टाकतात आणि काटा हिरव्यात आणायच्या मागं लागतात. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटीवरच्या दोन लगतच्या घरांमध्ये 100 सेंटचं (सेंट हे सुरांतलं अंतर मोजायचं माप) अंतर असतं आणि ॲप त्याच समान वाटणीनं मोजतं. तानपुऱ्याशी खरा जुळणारा शुद्ध गंधार त्या मापापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो, आणि कोमल गंधार सुमारे 16 सेंट वर. म्हणजे तानपुऱ्यावर सुरेख मिळालेल्या गंधाराला ॲप ‘उतरला’ म्हणणार. सा आणि पंचम तपासायला ॲप चालेल, पंचमाचा फरक अवघा 2 सेंटचा. गंधार कानानंच मिळवायचा. ट्रॅकवर गाताना मात्र वाद्यं समान वाटणीतच वाजत असतात, तेव्हा तिथं त्यांच्याशी जमवून घ्यावं लागतं.

तालाचे शेरे त्यामानानं सरळ असतात. ‘घाई होते’ म्हणजे बहुधा मुरकी (सुरांची छोटी झटपट वळणं) किंवा छोटी तान भरभर उरकून माणूस पुढच्या शब्दावर आधीच जाऊन उभा राहतो. तबला असेल तर तबलजी सांभाळून घेतो, श्रोत्यांना कळत नाही, परीक्षकाला कळतं. ट्रॅक कुणाला सांभाळत नाही. ‘सम चुकली’ (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा) हा शेरा म्युझिक पीसनंतर, म्हणजे मधे नुसती वाद्यं वाजतात त्यानंतर, लगेचच्या ओळीला मिळतो, कारण पीस वाजताना गायक मात्रा मोजायच्या सोडून स्क्रीनवरच्या अक्षरांचा रंग बदलायची वाट बघतो. रंग बदललेला दिसून तोंड उघडेपर्यंत उशीर होतोच. रूपक तालात तर हमखास, कारण तिथं सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, येते. 3-2-2 अशा 7 मात्रा पीसभर हातावर धरल्या तर चूक होत नाही. घरी ब्लूटूथ स्पीकरमधून माईक घेऊन सराव करत असाल तर तो बंद करा. आपलाच आवाज एखाद-दशांश सेकंद उशिरा परत येतो आणि लय ओढायची सवय लागते.

शब्दांचा शेरा आपल्याकडं मनाला लागतो, पण तो खरा असतो. बोलताना ‘पानी’, ‘आनि’ म्हणायला कुणाची ना नाही, भावगीतात मात्र ण ठणठणीत पाहिजे. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च वेगळा हे बोलताना आपोआप होतं, गाताना हिंदी गाण्यांच्या सवयीनं सगळे च एकाच साच्यातून निघतात. भ, ध, फ माईकवर फट्‌कन आदळत असतील तर माईक चार बोटं लांब आणि ओठांसमोरून किंचित बाजूला. आणि शब्दाच्या मधे श्वास घेऊ नका. कागदावर श्वासाच्या जागी पेन्सिलीनं तिरकी रेघ मारून ठेवा.

‘भाव कमी पडला’ हा सगळ्यात निसरडा शेरा. बऱ्याचदा त्याचं कारण एवढंच असतं की डोळे मोबाईलवरच्या शब्दांना चिकटलेले होते. गाणं पाठ करा आणि मग बघा शेरा राहतो का.

दोन परीक्षकांचं पटत नाही, तेव्हा काय करायचं? कोण कुठून आलंय ते बघा. तबल्याचा माणूस लय पकडणार, संगीतकार मूळ चालीतल्या जागा पकडणार. आणि हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांच्या दरबारात जयपूर गायकीचे अल्लादियाखाँसाहेब होते, देवल क्लब ही गाण्याची संस्था 1883 पासूनची आहे, ती गायकी ऐकून तयार झालेले कान इथं अजून परीक्षकांच्या खुर्चीत बसतात. त्या गायकीत सूर आणि लय एकमेकांत विणलेली, त्यामुळं असा परीक्षक ‘सूर बरोबर, पण जागेवर नाही’ म्हणाला तर चक्रावू नका. सूर लागला, पण त्याच्या मात्रेवर लागला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. सूर-तालाबद्दल दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर रेकॉर्डिंगवर पडताळून बघा. आवडीनिवडीचं असेल, म्हणजे हरकत (ओळीत घातलेली सुरांची छोटी सजावट) जास्त झाली की कमी, तर दोन्ही ऐका आणि आपल्या गळ्याला शोभेल ते ठेवा.

एका वेळी एकच शेरा हातात घ्यावा, दोन-तीन आठवडे. खूण केलेली ओळ आधी तालात नुसती बोलायची. मग शब्द काढून आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, फक्त तानपुऱ्यावर, निम्म्या लयीत. मग शब्दांसह. ट्रॅक सगळ्यात शेवटी, कारण ट्रॅकमधली व्हायोलिनं तुमची चूक झाकतात आणि ती गेली असं वाटत राहतं. रोज वीस मिनिटं त्या एका ओळीला पुरेत. स्पर्धेच्या आदल्या रात्री तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या कमी कराव्यात, आम्लपित्त घशाशी आलं की वरचा सा खरखरतो. पांढऱ्याबद्दल इथं कुणी ऐकणार नाही.

गुणांचे आकडे जपून ठेवायची गरज नाही. या स्पर्धेतले 38 आणि त्या स्पर्धेतले 42 यांची तुलना होतच नाही, परीक्षक वेगळे, हात वेगळा. त्यापेक्षा एक वही करा: तारीख, गाणं, पट्टी, शेरा, ओळ, सेकंद. चार स्पर्धांनंतर वेगवेगळ्या परीक्षकांचा तोच शेरा वेगवेगळ्या गाण्यांना आलेला दिसला तर दोष गाण्यात नाही, गळ्याच्या सवयीत आहे, आणि तो घरच्या सरावानं सहसा सुटत नाही. मग ती वही आणि चारही रेकॉर्डिंगं घेऊन गाणं शिकवणाऱ्या बुवांकडे किंवा बाईंकडे जावं, आणि आधी गाऊन न दाखवता ते चार तुकडे ऐकवावेत.